बॉर्डरवरचे कमी झाले

माझा धंदा आवाजाचा आहे. शहराच्या महाल भागात आमच्या गल्लीच्या तोंडावर 'चंपत साउंड सर्विस' असा बोर्ड दिसते, ते माझं दुकान. लग्न, बारसं, गणपती, कोणाच्या घरची पूजा, माइक अन् भोंगे माझेच. अन् भोंगे रिकामे असले की मी गल्लीतल्या लोकायच्या खोड्या काढतो. पन्नाशी उलटली तरी सवय काही गेली नाही. माझी बायको जयवंता म्हणते, "तुमच्या तोंडाले बटनच नाही जी." बरोबर आहे. बटन भोंग्याले आहे, अन् ते माझ्या हातात आहे.

आता आमच्या गल्लीत दर तीन वर्षांनी एक काम होते, जे बाजूच्या गल्लीत होत नाही. आमचं रक्त घ्याले माणसं येतात. कोणी बिमार पडलं म्हणून नाही. तेच घरं, तेच लोक, पुन्हा पुन्हा. शुगर किती जणायले आहे, अन् किती जण तिच्या काठावर उभे आहेत, हे वर्षांमागून वर्षं कसं बदलून राहिलं ते त्यायले पाहाचं असते. पूर्ण शहरातून अशा थोड्याच गल्ल्या त्यायनं चिठ्ठ्या टाकून निवडल्या, त्यात आमची निघाली. लॉटरी लागल्यावाणी. फक्त बक्षिसात सुई.

हे काम पाहते दिपाली. पहिल्या खेपेले आली तेव्हा नवीनच पोरगी होती, कळमेश्वरवरून बसनं यायची. आता तिचं लग्न झालं, लेकरू झालं, पण आमची गल्ली काही तिनं सोडली नाही. काठावरचा म्हणजे कोण, हे तिनंच आम्हाले समजावून सांगितलं. ज्याची साखर वाढली आहे, पण शुगरचा पेशंट म्हणावं इतकी नाही, तो.

"गाव अजून लागलं नाही, पण पाटी दिसून राहिली, असं समजा," ती म्हणाली होती. "इथून माणूस मागे फिरू शकते काकाजी. म्हणून तं मोजाचं."

गल्लीनं त्याचं नाव ठेवलं बॉर्डर. जो तो सांगे, माझं बॉर्डरवर आहे. मंग मी कायले गप्प बसतो. गेल्या खेपेले जे जे बॉर्डरवर निघाले, ते दुकानापुढून गेले की मी भोंग्यावर बिगुल वाजवाचो अन् उभं राहून कडक सॅल्यूट ठोकाचो. "जय हिंद साहेब, सीमेवर का हालचाल?" मार्तंडराव सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, इस्त्रीच्या शर्टाशिवाय दूध आणालेही जात नाहीत, तेही शेवटी वैतागून उलट सॅल्यूट द्याले लागले. गोपिका माझ्या दुकानासमोर ब्लाउज शिवते. ती मशीनवरूनच विचारे, "भाऊ, बॉर्डरवर ड्यूटी लावली तं पगार कोण देईन?"

अन् धोंडबा चहावाला, तो त्याच खेपेले बॉर्डर ओलांडून पलीकडे गेला होता. पक्की शुगर. त्याच्या टपरीले मी झेंडूचा हार घातला अन् भोंग्यावर सांगितलं, "आपले धोंडबा सीमेवर कामी आले. दोन मिनिटं चहा बंद ठेवा." धोंडबा स्वतःच इतका हासला की दूध उतू गेलं.

जयवंता हासली नाही. तिचंही बॉर्डरच निघालं होतं.

तिच्या मायचे डोळे शुगरनं गेले. शेवटची काही वर्षं म्हातारी आमच्याचकडे होती. जयवंता तिले हातानं घास भरवे, अन् प्रत्येक घासाच्या आधी सांगे, माय, हे वरण आहे, हे वांगं आहे, हा भात आहे. म्हातारी मान हालवे अन् मंगच तोंड उघडे. बॉर्डरचा कागद हातात आला त्या दिवशी जयवंता मले एवढंच म्हणाली, "मले मायसारखं अंधारात नाही बसाचं जी."

त्या दिवसापासून तिनं चहातली साखर सोडली. भात अर्ध्यावर आणला. सकाळी उठून एकटीच फिराले जाऊ लागली. अन् मी? मी भोंग्याच्या खांबावाणी बारीक माणूस. जिलेबी खातो, वरून पाकही पितो, अन् दर खेपेले माझा आकडा साफ निघते. ह्यात काही न्याय नाही, हे मलेही समजते.

यंदाच्या खेपेले दिपालीनं मंडप माझ्याचकडून लावून घेतला, शंकराच्या देवळापुढे. सकाळी सगळे उपाशीपोटी रांगेत उभे. उपाशी माणूस लवकर भांडते, म्हणून मी माइक घेतला.

"पुढच्या ताई, हात समोर करा. तोंड समोर केलं तरी चालते, पण सुई हातातच जाते."

"काकाजी, माइक बंद करा," दिपाली म्हणाली. "लोक हासले की हात हालते, मंग मले शीर नाही सापडत."

मार्तंडराव बाही वर करून खुर्चीवर बसले. "चंपतराव, आठवडाभर कारल्याचा रस घेतलाय मी. या वेळी तुमचा बिगुल बंद."

"आठवड्याच्या कारल्यानं काही नाही होत काका," दिपाली ट्यूबवर नाव चिकटवता चिकटवता म्हणाली. "हे रक्त मागच्या तीन महिन्यांचं सांगते. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करून इथी पास नाही होत."

मार्तंडरावांचं तोंड आत्ताच कारलं प्यायल्यावाणी झालं. रांगेत आणखी दोघातिघायचं झालं. म्हणजे त्या आठवड्यात बाजारातलं कारलं काहून महागलं होतं, ते मले तेव्हा कळलं.

मंग जयवंताची पाळी आली. बाकीचे लोक सुई पाहून तोंड फिरवत होते. ती सुईकडे पाहतच राहिली.

"या वेळी मागे फिरली असन न वं मी?" तिनं दिपालीले विचारलं.

"मेहनत तं केली आहे काकू तुम्ही," दिपाली म्हणाली. "पाहू."

मी माइक खाली ठेवला होता. या वेळी कोणी सांगितलं नव्हतं, तरी.

रिपोर्ट आले त्या दिवशी मी शहराबाहेर मिहानमधे एका कंपनीच्या कार्यक्रमाले भोंगे बांधाले गेलो होतो. दिपाली घरोघरी बंद पाकिटं देऊन गेली. आमच्या घरची दोन्ही जयवंताच्या हातात पडली. संध्याकाळी घरी आलो तं ती पोळ्या करून राहिली होती.

"का निघालं?" मी विचारलं.

"तुमचं नेहमीसारखंच. साफ."

"अन् तुझं?"

"ठीक आहे." तिनं तव्यावरची पोळी उलटवली. "हात धुवा, ताट वाढते."

ठीक म्हणजे ठीक. मी खुशीत दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी दिपाली पूर्ण गल्लीचा हिशोब सांगाले आली. नावं ती कधीच घेत नाही, नुसते आकडे सांगते. देवळापुढे सगळे जमले. मी माइक लावून दिला.

"गेल्या खेपेले आपल्या गल्लीत बॉर्डरवर एकवीस जण होते," ती म्हणाली. "यंदा चौदा आहेत."

बस, मले तेवढंच पाहिजे होतं. मी तिच्या हातातून माइक घेतला. "लोकहो, एकवीसचे चौदा. सात जवान सीमेवरून सुट्टीवर घरी परतले. बाजूच्या गल्लीले विचारा, त्यायचे किती परतले." बाजूच्या गल्लीत कोणी मोजतच नाही, पण भोंग्यावर हे कोण विचारते.

"काकाजी, पुढचं ऐका न," दिपाली म्हणून राहिली होती. पण तोपर्यंत मी बँड लावला होता. संत्रा बर्फीचे डबे मी आधीच आणून ठेवले होते. साखर कमी झाली म्हणून साखर वाटाची, हे आमच्याच गल्लीत होऊ शकते.

आता खोड्या काढणाऱ्या माणसाले एक सवय असते. तो लोकायच्या तोंडाकडे नाही पाहत, हाताकडे पाहते. मी डबा घेऊन फिरलो. मार्तंडरावांनी बर्फी घेतली, "वा वा" म्हणाले, अन् चष्म्याच्या डबीत ठेवून टक्कन झाकण लावलं. गोपिकानं तोंडाजवळ नेली, इकडेतिकडे पाह्यलं, अन् देवळापुढच्या गायीले चारली. दोन जणायनं रुमालात गुंडाळून खिशात टाकली. जयवंतानं हासून घेतली अन् पदराच्या टोकाले गाठ मारून बांधली. मले वाटलं, घरी जाऊन खाईन. मजा म्हणजे जे बॉर्डरवर उरले होते, ते स्वतःच सांगून सांगून दोन-दोन खाऊन राहिले होते.

दिपालीनं माझा हात धरून मले जनरेटरच्या मागे ओढलं.

"तुम्ही पूर्ण ऐकूनच नाही घेतलं काकाजी."

"का नाही ऐकलं? सात कमी झाले."

"हाव, सात कमी झाले. पण ते गेले कुठी?"

"घरी."

"दोघं घरी गेले. पाच पुढे गेले." तिनं हातानं गल्लीचं दुसरं टोक दाखवलं. "बॉर्डरले दोन दरवाजे आहेत न. नुसते मधात उभे असलेले मोजले तं वाटते गल्ली सुधारली. अन् पक्के शुगरवाले मोजले तं आठचे तेरा झाले. दोन्ही आकडे सोबत वाचाचे असतात. तेच सांगून राहिली होती मी, तं तुम्ही बँड लावला."

बँड अजून वाजूनच राहिला होता. कोणीतरी नाचतही होतं.

"कोण पाच?" मी विचारलं.

"ते नाही सांगता येत. माहीत आहे तुम्हाले."

"आम्ही तं बर्फी वाटली."

"त्या पाच जणायनंही घेतली काकाजी," दिपाली म्हणाली अन् तिची फाइल उचलून निघून गेली.

मी बँड बंद केला. चष्म्याची डबी एक. गाय दोन. दोन रुमाल, झाले चार. पाचवं बोट मी दुमडलं अन् किती वेळ तसंच धरून ठेवलं.

संध्याकाळी जयवंतानं साडी बदलून दोरीवर टाकली होती. पदराची गाठ तिनं सोडलीच नव्हती. भिंतीवरून मुंग्यायची एक रांग निघाली होती, दोरीवरून चालत थेट त्या गाठीपर्यंत. मी त्या रांगेकडे पाहत उभा होतो. विचाराचं मनात होतं. पण विचारलं तं पुन्हा "ठीक आहे" निघणार, हे पक्कं होतं. ती ज्याले सांगणार तो माणूस मी होतो, अन् माझ्याकडे भोंगा होता. धोंडबाच्या टपरीवरचा हार तिनं पाह्यला होता. दोन मिनिटं चहा बंद.

अन् जो कोणाले सांगत नाही, तो दवाखान्यातही जात नाही. मंग डोळ्यायचं का होते, हे आमच्या घरानं पाह्यलं आहे.

मले दुसरी विद्या येत नाही. जी येते, तीच लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, टपरीवर पुरते लोक जमू दिले अन् मंग म्हटलं, "धोंडबा, एक बिनसाखरेचा दे गा."

धोंडबाचा हात थांबला. "कोणाले?"

"मले."

"तुले का झालं बे?"

"निघाली." मी मान खाली घातली. "दिपालीच्यात नाही निघाली. पण मले शंका आली, म्हणून बाहेर तपासली. बॉर्डर-गिर्डर काही नाही धोंडबा, सरळ पलीकडे."

धोंडबानं मले बिनसाखरेचा चहा दिला, अन् बिस्किटाची बरणी माझ्या समोरून उचलून मागे ठेवली. तेव्हा मले कळलं, ही खोडी महागात पडणार.

गल्लीनं मले सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात आलो तं शटरले झेंडूचा हार. मार्तंडराव समोरून आले, खिशातून मोबाईल काढला, बिगुल वाजवला अन् असा सॅल्यूट दिला की इस्त्रीची घडीही मोडली नाही. गोपिका खिडकीतून ओरडली, "चंपतभाऊ सीमेवर कामी आले. दोन मिनिटं भोंगे बंद ठेवा." धोंडबानं तर टपरीवर पाटी लावली, इथे चंपतले साखर मिळणार नाही. खरं सांगतो, मजा आली. आजपर्यंत माझी इतकी चांगली खोडी कोणी काढली नव्हती.

त्याच दुपारी मार्तंडराव दुकानात आले.

"चंपतराव, एक सेल द्या. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय."

"मी सेल नाही विकत, मार्तंडराव."

"माहीत आहे मला." ते खुर्ची ओढून बसले. "सकाळचं जरा जास्तच झालं. तुम्ही घाबरू नका. गोळी सुरू केली की आटोक्यात राहते म्हणतात."

"कोण म्हणते?"

"डॉक्टर म्हणतील. मी अजून गेलो नाही." त्यायनं चष्मा काढला अन् पुसत राहिले. "मलाही निघाली आहे. घरी बोललो नाही. मुलगा पुण्याला असतो, त्याच्या डोक्याला उगाच ताप. आणि इथे सगळी गल्ली नाचत होती. त्यात मी काय सांगणार होतो?"

"मंग सोबत जाऊ न. मले एकट्याले भेव वाटते."

हे मी इतकं चांगलं म्हटलं की मार्तंडरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दवाखान्यात ते आत गेले. मी पोट दुखते म्हणून बाहेर बसलो.

गोपिका ब्लाउजच्या कपड्याच्या तुकड्यात मेथीदाणे बांधून घेऊन आली. "रात्री भिजवाचे अन् सकाळी चावून खायचे भाऊ. कडू लागतात."

"तुले कसं माहीत?"

"मी खाऊन राहिली न." मंग तिच्याच लक्षात आलं, का बोलली ते. पोटरीले हात लावून म्हणाली, "मशीन चालवून चालवून पाय दुखतात वाटे मले. तुमच्याजवळ म्हणून बोलली, बाकी कोणाले नका सांगू." तिले मी मार्तंडरावांच्याच डॉक्टरकडे पाठवलं. रुमालवाले दोघंही दोन-तीन दिवसात आले. एकानं भाजीच्या ठेल्याजवळ कानात सांगितलं. दुसऱ्यानं मोबाईलवर आवाज पाठवला, त्यात अर्धा वेळ नुसता खोकला. त्यायलेही तिथंच पाठवलं.

दिपालीचा फोन आला. भडकली होती.

"काकाजी, तुम्ही हे का लावलं आहे? लोक मले विचारून राहिले, चंपतभाऊचा रिपोर्ट चुकला तं आमचाही चुकला असन. तुमचा आकडा का होता ते मी कोणाले सांगू शकत नाही. तुम्ही थापा मारून राहिले, तेही नाही सांगू शकत."

"मंग नको सांगू. ज्याले शंका आहे त्याले म्हण, दवाखान्यात जाऊन पुन्हा तपास. चार जण गेलेही."

तिनं विचारलं, "चार?"

"पाचवी घरीच आहे," मी म्हटलं अन् फोन ठेवला.

पाचवीचं आता सांगतो. तिले मी पहिल्याच दिवशी तोंड पाडून सांगितलं होतं, "निघाली वं जयवंते."

"कोणत्या लॅबमधून तपासलं?"

"ते बडकस चौकाकडे जाताना निळ्या पाटीची नाही का."

"बरं," ती म्हणाली. ना रडली, ना घाबरली. मले वाटलं धक्का बसला असन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यापुढे कारल्याचा रस ठेवला. पूर्ण गिलास. एक स्वतःही घेतला. "तुमच्या सोबतीले," म्हणाली. मंग मले उठवून फिराले नेलं. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई एवढ्या वेगानं चालते हे मले माहीत नव्हतं. मी मागून धापा टाकत जात होतो अन् ती वळून म्हणे, "चला जी, शुगर आहे न तुमची." आलूबोंडा बंद. सांबारवडी बंद. जिलेबीच्या दुकानापुढून जाताना ती माझा हात धरून मले दुसऱ्या बाजूनं चालवे. पोळ्याच्या दिवशी घरात पुरण शिजलं, वास पूर्ण गल्लीत, अन् माझ्या ताटात ज्वारीची भाकर अन् पालक.

"अर्धी तं दे वं," मी म्हटलं.

"नाही जी. तुमच्याच भल्यासाठी आहे." तिनं पदर तोंडाले लावला. मले वाटलं चुलीचा धूर गेला असन. आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे, हे मले नंतर सुचलं.

असं चालूनच राहिलं. रोज सकाळी दोन गिलास, रोज फिरणं, अन् ती काही बोलेना. गोळी नाही, डॉक्टर नाही. मी बारीकचा अजून बारीक झालो. शेवटी एका संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती तेव्हा मी शेवटचा पत्ता टाकला.

"डॉक्टरनं डोळे तपासाले सांगितले आहेत. शुगर असली की आतून पाहावे लागतात म्हणे. मले एकट्याले जाववत नाही. तू येते का?"

लाटणं थांबलं.

"थेंब टाकतात," ती म्हणाली. "मंग किती तरी वेळ नीट दिसत नाही. मायले मीच नेत होती." थोड्या वेळानं म्हणाली, "चला. पण तुमचे डोळे नाही तपासाचे."

"काहून?"

"तुमच्या त्या निळ्या पाटीच्या लॅबमधे आता मोबाईलचं दुकान आहे जी. दोन वर्षं झाले. हे कवर मी तिथूनच घेतलं." तिनं पिठाच्या हातानं ओट्यावरचा मोबाईल उलटा करून दाखवला. गुलाबी कवर, त्यावर मोर.

मी तोंड उघडलं, पण आवाज काही निघाला नाही. आवाजाचा धंदा असून.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुले?"

"तुमचं पाकीट मीच तं उघडलं होतं."

"मंग कारलं? भाकर? पोळ्याची पोळी?"

"मले सोबत पाहिजे होती." ती हासली, अन् हासता हासताच तिचा आवाज फुटला. "अन् मले पाहाचं होतं, तुम्ही किती दिवस पिता. माझं पुढे गेलं जी. एवढं चालली, एवढं सोडलं, तरी गेलं. मायचंही असंच गेलं होतं."

मी तिच्या हातातून लाटणं घेतलं अन् राहिलेल्या पोळ्या लाटल्या. एकही गोल झाली नाही. तिनं सगळ्या शेकल्या.

डोळ्याच्या डॉक्टरनं थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत नेलं, एका डोळ्यात पाह्यलं, मंग दुसऱ्यात. जयवंतानं माझं मनगट असं धरलं होतं की बांगडीचे वळ उठले. डॉक्टर म्हणाले, "पडदा स्वच्छ आहे. शुगरची गोळी सुरू करा, चालणं सोडू नका, आणि दर वर्षी डोळे दाखवत जा." तिनं त्यायले तेच पुन्हा बोलाले लावलं. त्यायनं पुन्हा सांगितलं.

बाहेर आलो तं कडक ऊन. थेंबायमुळे तिले समोरचं सगळं पांढरं दिसून राहिलं होतं. मी तिचा हात धरला. महालाच्या गल्लीतून भरदुपारी बायकोचा हात धरून चालणारा माणूस म्हणजे लोकायले फुकटचा तमाशा, पण तिले काही दिसत नव्हतं अन् मले लाज नाही. मी हळू आवाजात सांगत चाललो, फक्त तिले ऐकू जाईन इतकं.

"डाव्या हाताले स्कूटर आहे. आता पायरी. समोरून मार्तंडराव येऊन राहिले, हाफपॅन्ट अन् लाल गॉगल."

"खोटं."

"गोपिकाच्या दुकानात गाय बसली आहे. माप देऊन राहिली."

ती हासली. "अन् खरं का आहे?"

"खरं म्हणजे आपली टपरी आली. बस इथी."

तिले मी बाकड्यावर बसवलं. मार्तंडराव तिथंच होते, पांढऱ्या शर्टात. गोपिका खिडकीत. टपरीवर नेहमीचे चारपाच लोक. धोंडबानं गिलास मांडले. "दोन्ही बिनसाखरेचे न भाऊ?"

मी काही बोलायच्या आधी जयवंता बोलली. मोठ्यानं, कोण कुठी उभं आहे ते दिसत नसल्यामुळे सगळीकडेच.

"एक बिनसाखरेचा. तो माझा. यायच्या चहात साखर टाक. यायले काही झालं नाही."

मार्तंडरावांचा हात मोबाईलच्या खिशाकडे गेला होता, तो त्यायनं तसाच परत आणला. "म्हणजे चंपतराव, तुम्ही आम्हा सगळ्यांना..." ते म्हणाले, अन् मंग जयवंताकडे पाहून थांबले. चष्मा नीट केला. "धोंडबा, माझाही बिनसाखरेचा."

"अन् एक मले," गोपिका खिडकीतून म्हणाली. "तसाच."

धोंडबा साखरेचा डबा हातात घेऊन उभा राहिला. "सगळेच बिनसाखरेचे झाले तं मी ह्या साखरेचं का करू?"

"यायच्या गिलासात टाक," जयवंता म्हणाली.

त्यानं टाकली. मोजली नाही. इतके दिवस कारलं पिऊन माझी जीभ बदलली होती, तो चहा मले गिळवेना. पण जयवंता माझ्याकडे तोंड करून बसली होती, दिसत काही नव्हतं तरी पाहून राहिली होती. म्हणून पूर्ण प्यालो.